अंजिराचं काळीज : इगादो, फेगातो, फ्वा आणि आपलं यकृत

मधुमालती :

गेल्या महिन्यात बाबांची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड १. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, गोड कमी करायला सांगितलं, घाबरू नका म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्या स्पॅनिशच्या वर्गात शरीराचे अवयव सुरू होते. लिव्हरला स्पॅनिशमध्ये 'इगादो' म्हणतात. वहीत उतरवून घेताना लक्षात आलं की मागच्याच पानावर, फळांच्या यादीत, अंजिरासमोर मी 'इगो' लिहिलेलं आहे. बाईंना विचारलं, हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागतात का? त्या म्हणाल्या, लागतात, पुढच्या तासाला सांगते. मला तेवढा धीर धरवला नाही. तेव्हापासून जे वाचत गेले ते इथे मांडते आहे. ज्यांना यातलं अधिक माहीत आहे त्यांनी जरूर भर घालावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी.

इगादो म्हणजे मुळात 'अंजिरलेलं'. यापेक्षा नेमका मराठी शब्द मला सुचला नाही. लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे 'फीकुस'. त्यावरून 'फिकातुम', म्हणजे अंजीर खाऊ घालून पोसलेलं. आणि लिव्हरसाठी लॅटिनचा स्वतःचा जुना शब्द होता 'येकुर'. हंसाला किंवा डुकरिणीला अंजिरं चारून तिचं येकुर मोठं, मऊ, चरबीदार करायचं, आणि त्या पदार्थाला 'येकुर फिकातुम' म्हणायचं. ही कल्पना आणि शब्दाची घडण दोन्ही ग्रीकांकडून आली. तिकडे 'सीकोन' म्हणजे अंजीर आणि 'हेपार सिकोतोन' म्हणजे अंजिरलेलं यकृत.

हे स्वयंपाकघरातलं प्रकरण किती जुनं आहे बघा. रोमन कवी होरेस याने इसवी सन पूर्व ३०च्या सुमारास एका श्रीमंताच्या मेजवानीचं वर्णन केलं आहे. त्यात रसाळ अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं येकुर ताटात येतं. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी सांगतो की हीच युक्ती डुकरिणींवर करायची कल्पना मार्कुस आपिकियुस या खवय्याची. सुकी अंजिरं खाऊ घालून जनावर तुडुंब भरायचं, मग मध घातलेली वाइन पाजायची आणि लगेच मारायचं. वाचताना मला वाईट वाटलं. पण आज इतक्या देशांतली माणसं आपल्या पोटातल्या अवयवाचं नाव घेताना याच प्रकाराचं नाव घेतात, हेही खरं.

कारण पुढे काय झालं, तर रोजच्या बोलण्यात 'येकुर' गळून पडलं आणि नुसतं 'फिकातुम' राहिलं. आधी त्याचा अर्थ पोसलेलं यकृत एवढाच होता. ३०१ साली सम्राट डायोक्लिशनने साम्राज्यभर भाव ठरवून देणारा हुकूम काढला, तो दगडांवर कोरलेला सापडतो. त्यात डुकराचं मांस एका पौंडाला १२ देनारियुस (रोमन नाणं), गाईबैलाचं ८, आणि उत्तम फिकातुम १६. म्हणजे तोवर ती वेगळ्या भावाची, मानाची चीज होती. नंतर कुठल्याही प्राण्याचं, अंजीर कधी न चाखलेल्या प्राण्याचंही यकृत फिकातुम झालं. शेवटी माणसाचंही.

आता वारसा मोजा. स्पॅनिश इगादो, पोर्तुगीज फीगादो, इटालियन फेगातो, फ्रेंच फ्वा, रोमानियन फिकात, ईशान्य स्पेनमधली कातालान आणि दक्षिण फ्रान्समधली ऑक्सितान, दोन्हींत फेजे. लिस्बनपासून काळ्या समुद्रापर्यंत सगळीकडे अंजीर. जुनं येकुर यांतल्या एकाही भाषेच्या घरगुती बोलण्यात उरलं नाही. आणि फ्रेंचांचं ते प्रसिद्ध 'फ्वा ग्रा'? शब्दशः फॅटी लिव्हर. बाबांच्या रिपोर्टातली ओळच.

विशेषणाने नामाची जागा बळकावणं आपल्याला नवीन नाही. पैठणी लुगडं नुसती पैठणी झाली, कोल्हापुरी वहाण नुसती कोल्हापुरी. पण पैठणी आली म्हणून 'लुगडं' हा शब्द मेला नाही. लॅटिनमध्ये मात्र मूळ शब्दच संपला. असं का व्हावं, हा माझा खरा प्रश्न आहे.

रानमेवा :

फार सुंदर धागा. हापूस राहिला की! 'हापूस आंबा' कोण म्हणतं? तोही पोर्तुगीजांकडूनच आलेला, अफोन्सोचा हापूस.

पुढील लेखनाला शुभेच्छा.

वेत्रवती :

मधुमालतीताई, तुम्ही 'येकुर'जवळ येऊन थांबलात. तिथून एक पाऊल पुढे आपलं घर आहे.

येकुर आणि यकृत हा एकच शब्द आहे. ग्रीक हेपारही तोच. संस्कृत य, लॅटिन य, ग्रीकमध्ये त्या जागी ह. मधल्या क-च्या जागी ग्रीकमध्ये प. हे बदल एकट्यादुकट्या शब्दात नाहीत, नियमाने होतात, म्हणून त्यांच्यावर विसंबता येतं.

याहून मोठा पुरावा रूपावलीत आहे. यकृत् चालवताना एक गंमतीची गोष्ट होते, र जातो आणि न येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १६३व्या सूक्तात, रोग्याच्या एकेका अवयवातून यक्ष्मा उपटून काढणारा मंत्र आहे. त्याच्या तिसऱ्या ऋचेत 'यक्नः' असं रूप येतं, यकृतातून. आता लॅटिन बघा : येकुर, पण षष्ठीत 'येकिनोरिस' असंही रूप मिळतं. तोच न. इतकी वाकडी रूपं दोन भाषा स्वतंत्रपणे घडवत नाहीत. हा न त्या दोघींच्या आजीकडून आलेला आहे.

येकुर का मेलं, याचं एक उत्तरही मला इथेच दिसतं. येकोरिस, येकिनोरिस, योकिनेरिस अशी एकाच शब्दाची तीन-तीन षष्ठी रूपं. बाजारात उभं राहून कोण एवढं चालवणार? फिकातुम सरळ चालतं.

आणखी एक भावंड आपल्या तोंडात रोज असतं : जिगर. फारसीतून आलेला. जुन्या इराणी भाषेतल्या शब्दारंभीच्या य-चा फारसीत ज झाला. आपलं युवन्, त्यांचं जवान. आपलं यकृत, त्यांचं जिगर. म्हणजे मराठी माणूस दवाखान्यात यकृत म्हणतो, मैदानात जिगर म्हणतो, आणि दोन्ही वेळा तोच शब्द उच्चारतो.

मधुमालती :

वेत्रवती, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. बाबांना वाचून दाखवलं. यक्ष्मा उपटून काढणारी ती ऋचा त्यांनी वहीत उतरवून घेतली.

पाऊलवाट :

मी डॉक्टर आहे, भाषेतलं फार कळत नाही, पण अंजिराचं गणित सांगू शकतो.

सुक्या अंजिराच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग साखर असते, त्यात फ्रुक्टोज भरपूर. फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृतच उचलतं आणि गरजेपेक्षा जास्त झाला की त्याची चरबी करून साठवतं. हंस-बदकांना तर ही सोय जन्मजातच आहे. लांबच्या उड्डाणाआधी ते भरपूर खातात आणि यकृतात चरबी साठवतात, तोच त्यांचा प्रवासाचा शिधा. माणसाने हे पाहिलं आणि त्याचा फायदा घेतला. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर हंसांना कोंबून भरवणारी माणसं कोरलेली आहेत, ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

हल्ली अंजीर नाही, मका वापरतात. युरोपच्या नियमानुसार फ्वा ग्रा म्हणून विकायला बदकाचं यकृत किमान ३०० ग्रॅम आणि हंसाचं ४०० ग्रॅम भरावं लागतं, निरोगी पक्ष्याच्या कितीतरी पट. नळी घशात घालून भरवतात. भारताने २०१४ साली फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली, ते मला योग्य वाटतं.

माणसाच्या यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी झाली की आम्ही फॅटी लिव्हर म्हणतो. तुमच्या वडिलांना सांगा, पहिल्या पायरीवरून मागे फिरता येतं, आणि औषधापेक्षा चालण्याने जास्त फिरता येतं.

तोरिनोकर :

नमस्कार. अकरा वर्षं इटलीत आहे, त्यामुळे फेगातोशी रोजचा संबंध.

इथे कोणी धाडसाचं काम केलं की म्हणतात 'के फेगातो!', काय जिगर आहे! 'आवेरे फेगातो', फेगातो असणं, म्हणजे धमक असणं. आत्ता वेत्रवतींचा प्रतिसाद वाचून कळलं की मी इतकी वर्षं याचं मनात जे भाषांतर करत होतो, जिगर, ते अगदी अवयवासकट बरोबर होतं. आणि कोणी मनातल्या मनात जळत, कुढत असेल तर तो स्वतःचं फेगातो कुरतडतो.

खाण्यात सगळ्यात नावाजलेला प्रकार व्हेनिसचा. पातळ काप, भरपूर कांदा, मंद आचेवर. तिथले लोक त्याला फेगातो म्हणत नाहीत, 'फिगा' म्हणतात, आणि जोर शेवटच्या 'गा'वर देतात. इटालियनमध्ये मात्र जोर पहिल्या 'फे'वर. हा फरक का, ते इथल्या कोणी मला सांगू शकलं नाही. धाग्यावर कोणाला माहीत असेल तर सांगा.

सिसिलीत पालेर्मोला भोपळ्याचा एक पदार्थ खाल्ला, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. लाल भोपळ्याच्या चकत्या तळून त्यावर लसूण, व्हिनेगर, साखर आणि पुदिना. नाव काय, तर 'सात तोट्यांचं फेगातो'. वुच्चिरियाच्या बाजारात गार्राफेल्लो नावाचं कारंजं आहे, सात तोट्यांचं. श्रीमंतांच्या घरी यकृत असंच आंबटगोड करायचे. ज्यांना ते परवडत नव्हतं ते कारंज्याभोवतीचे लोक भोपळ्याला तीच फोडणी द्यायचे आणि तेच नाव. म्हणजे अंजिराचं नाव यकृताला, आणि यकृताचं नाव भोपळ्याला! मला तो पदार्थ फार आवडला. आई सुरणाचे काप मासळीसारखे तळायची त्याची आठवण झाली.

मधुमालती :

तोरिनोकर, तुमच्या प्रश्नामुळे मी परत वाचायला बसले, आणि हा शब्द दिसतो तेवढा सरळ नाही हे कळलं.

लॅटिनच्या नियमाने जोर मधल्या अक्षरावर हवा : फि-का-तुम मधल्या 'का'वर. व्हेनिसचं फिगा आणि रोमानियन फिकात तसेच आहेत, शेवटी जोर. म्हणजे हे दोघे नियम पाळणारे. बाकीच्यांत जोर पुढे सरकून पहिल्या अक्षरावर आलेला आहे. शिवाय स्वरही जुळत नाहीत. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये दीर्घ ई टिकला आहे, अंजिरातला. इटालियनमध्ये मात्र त्याचा ए झाला. फ्रेंचमध्येही तेच : दीर्घ ई असता तर 'वा' आला नसता. फ्रेंच 'र्वा' म्हणजे राजा, तो लॅटिन 'रेगेम'मधल्या ए-पासून, तसाच फ्वा-मागेही ए किंवा ऱ्हस्व इ हवा. म्हणजे एकाच शब्दाची निदान तीन रूपं लोकांच्या तोंडी फिरत असणार.

याची उकल बहुतेक जण ग्रीकमध्ये शोधतात. शहरात ग्रीक आचारी, ग्रीक वैद्य. एका कानाला सिकोतोन, दुसऱ्या कानाला फिकातुम, आणि तोंडातून निघालं काहीतरी तिसरंच. गास्तों पारीस या मोठ्या फ्रेंच पंडिताने १९०१ साली या एका शब्दावर स्वतंत्र लेख लिहिला. एका यकृतासाठी पूर्ण लेख, हे मला मनापासून आवडलं.

कातालानच्या 'फेजे'त तर आणखी उलथापालथ. तिथे क आणि त यांनी जागा बदलल्या. आमच्या सासवडला 'नुकसान'चं 'नुस्कान' होतं, तसंच.

स्पॅनिशमधला सुरुवातीचा फ कुठे गेला असं कोणाला वाटेल, म्हणून सांगते : तो ह झाला आणि ह-चा उच्चारही गेला, लिहिण्यात तेवढा राहिला. पोर्तुगीज फिल्यु, स्पॅनिश इहो, मुलगा. पोर्तुगीज फारीन्या, स्पॅनिश आरिना, पीठ. तसंच फीगादो आणि इगादो.

जुना_पेठकर :

धागा उत्तम आहे, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. वरच्या प्रतिसादांचा सूर हळूहळू 'त्यांनी हरवलं, आपण जपलं' असा होतो आहे. ही तुलना बरोबर नाही.

संस्कृतची तुलना लॅटिनशी करा, मराठीची फ्रेंचशी. येकुर लॅटिनमध्ये आहेच, ते कुठे गेलं नाही. आणि मराठीत बोलता बोलता यकृत टिकलं आहे का? नाही. प्राकृतातून पिढ्यान्पिढ्या तोंडोतोंडी आलेला आपला शब्द काळीज. यकृत आपण संस्कृतमधून मागाहून उचलून आणलं, पुस्तकासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी. फ्रेंच माणसानेही अगदी हेच केलं. घरात फ्वा म्हणतो आणि दवाखान्यात 'एपातीक', ग्रीक हेपारवरून. माझी आजी कधी यकृत म्हणाली नाही. ती काळीजच म्हणायची.

जपलं म्हणायचं तर दोघांनी सारखंच जपलं, आणि हरवलं तर दोघांनी सारखंच हरवलं.

वेत्रवती :

पेठकर काका, आक्षेप मान्य. माझ्या लिहिण्यात तो सूर आला होता.

काळीज 'कालेय'पासून, प्राकृतात 'कालेज्ज'. हिंदीत कलेजा. म्हणजे यकृताचं दुसरं नाव लोकांनी उचललं आणि पहिलं पोथीत राहिलं, रोममध्ये झालं तेच. अश्व गेला, घोडा आला. तिकडेही 'एक्वुस' गेला आणि 'काबाल्लुस' आला, त्याचा स्पॅनिश 'काबायो', फ्रेंच 'शव्हाल'. एक्वुस आणि अश्व ही पुन्हा भावंडं. घोडी मात्र तिकडे वाचली : स्पॅनिश 'येग्वा', रोमानियन 'यापा', थेट एक्वुसच्या स्त्रीलिंगी रूपातून.

मधुमालतीताईंच्या प्रश्नाकडे वळते. लॅटिनचे असे बरेच शब्द घराच्या आतून, विशेषतः चुलीपाशी, बदलले. अग्नीचा भाऊ 'इग्निस' सगळीकडे मेला. त्याच्या जागी 'फोकुस'. फोकुस म्हणजे चूल! इटालियन फुओको, स्पॅनिश फुएगो, फ्रेंच फ, रोमानियन फोक, सगळ्यांची आग म्हणजे मुळात चूल. आणि विशेषणाने नामाला घालवण्याची दोन उदाहरणं. 'कासेउस फोर्मातिकुस', साच्यात घातलेलं चीज, त्यातलं साच्यातलं तेवढं राहिलं : फ्रेंच फ्रोमाज, इटालियन फोर्माज्जो. 'फ्रातेर गेर्मानुस' म्हणजे सख्खा भाऊ. फ्रातेर म्हणजे आपला भ्राता. स्पेनने भाऊ टाकून सख्खा ठेवला : एर्मानो. पोर्तुगीज इर्मांव तोच.

जुना_पेठकर :

'सख्खा' तेवढा ठेवला, हे फार आवडलं. आपल्याकडेही 'ते दोघे सख्खे' म्हटलं की पुढे भाऊ म्हणावं लागत नाही.

मांडवीकाठ :

पणजीहून लिहितो. आमच्या कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. प्रेमाच्या गाण्यात काळीज, देवळात-चर्चमध्ये काळीज, डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हाही काळीज. पेठकरांच्या आजीचं काळीज पोटात उजवीकडे होतं की छातीत डावीकडे, हे मला विचारावंसं वाटतं. कारण मराठीत ते दोन्हीकडे फिरतं. 'काळीज धडधडलं' म्हणताना छातीत, 'बोकडाचं काळीज' म्हणताना पोटात. त्या काळजाचीच काळजी झाली.

आमच्याकडे सणाला, लग्नाला सोरपोतेल होतं. त्यात डुकराच्या मांसाबरोबर यकृत आणि हृदय दोन्ही बारीक चिरून पडतं, व्हिनेगर, मसाला, आणि दोन-तीन दिवस मुरवायचं. पदार्थ पोर्तुगीजांचा, मसाला आमचा. माझे आजोबा पोर्तुगीज शिकलेले. त्यांच्याकडून एक शब्द ऐकला होता, तो या धाग्यामुळे आज पंचवीस वर्षांनी कळला. दोन घरांचं पिढीजात वैर असेल तर ते म्हणत 'इनिमीगो फिगादाल'. फीगादोपासूनचा शत्रू! मराठीत आपण हाडवैर म्हणतो. त्यांचं वैर यकृतात, आपलं हाडात. आणि तापट, मनात डूख धरणाऱ्या माणसाला 'वाईट फीगादोचा' म्हणत. तेव्हा आम्हाला वाटायचं आजोबा कोणाच्या तब्येतीबद्दल बोलतायत.

रविवार_बाजार :

आमचं मटणाचं दुकान आहे, वडिलांच्या आधीपासून. इथे इतके शिकलेले लोक लिहितायत म्हणून आधी नुसता वाचत होतो. पण शब्द आमच्या ठोकळ्यावरचा आहे, म्हणून लिहितो.

दुकानात यकृत कोणीच म्हणत नाही. कलेजी, गुर्दा, दिल, तिल्ली, वजडी, भेजा, मुंडी, पाया. काळीज म्हणणारी म्हातारी माणसं अजून येतात, आणि त्यांना विचारावं लागतं, कलेजी हवी की दिल? मांडवीकाठ यांनी विचारलं ते आम्ही रोज विचारतो. काही जण सांगतात, दोन्ही द्या.

जिगरचं म्हणाल तर आमच्यात 'कलेजा लागतो' असंही म्हणतात. वाघाचं काळीज म्हणतात. आणि कोणी फारच निर्दयी असला तर 'उलट्या काळजाचा'. हे बाहेरच्या भाषांत आहे का?

डुकराचं मांस १२ आणि ते पोसलेलं काळीज १६, हे वाचून मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, भाव बरोबर लावला होता.

तोरिनोकर :

रविवार_बाजार, तुमचा प्रतिसाद मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटला.

उलट्या काळजाचा तसाच्या तसा मला माहीत नाही, पण फ्रेंच लोक एका बाबतीत इटालियनांच्या नेमके उलटे आहेत. इटलीत फेगातो असणं म्हणजे धाडस. फ्रान्समध्ये 'आव्हार ले फ्वा' म्हणजे घाबरणं! पूर्वी 'पांढरं फ्वा' म्हणत, रक्त नसलेलं, म्हणून भित्रं. स्पेनमध्ये 'इगादो' पुन्हा धाडस, आणि जिवापाड कष्ट केले तर 'इगादो ओकला' म्हणतात. तोच अवयव, आल्प्स ओलांडला की धैर्याची भीती होते.

फ्रेंचांचा आणखी एक आजार आहे, 'क्रीज द फ्वा'. सणाच्या जेवणानंतर डोकं दुखलं, मळमळलं, की फ्रेंच माणूस फ्वाला दोष देतो. आपण 'पित्त झालं' म्हणतो ना, तेच.

निशिगंध :

एक शंका. फ्रेंचमध्ये 'मा फ्वा' असंही म्हणतात, आणि 'एकदा', 'दोनदा' यातही फ्वा आहे. हे सगळे अंजिराचेच का?

मधुमालती :

नाही, कानाला एक आणि मुळं वेगळी. 'मा फ्वा'मधला फ्वा म्हणजे विश्वास, लॅटिन 'फिदेस'. 'एकदा'मधला लॅटिन 'विकेस'पासून, पाळी या अर्थाचा. आणि दक्षिण फ्रान्समध्ये फ्वा नावाचं गावही आहे. फ्रेंच मुलांचं एक बडबडगीत आहे, त्यात फ्वा गावात फ्वा विकणारी बाई म्हणते, मा फ्वा, ही पहिली फ्वा आणि शेवटची फ्वा. लिहिताना चारही वेगळे, बोलताना एकच. आमच्या बाईंनी वर्गात म्हणून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाऊलवाट :

येकुर का गेलं यावर एक विचार मनात आला. बरोबर की चूक, भाषेतल्या जाणकारांनी सांगावं.

रोमन लोकांत बळीच्या जनावराचं यकृत पाहून शकुन सांगणारे पुरोहित असत, ही विद्या त्यांनी इटलीतल्या त्यांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांकडून घेतली. १८७७ साली इटलीत पिआचेन्झाजवळ मेंढीच्या यकृताची काशाची प्रतिकृती सापडली. तिच्यावर चौकटी आखून प्रत्येकीत एत्रुस्कन देवांची नावं कोरली आहेत, कुठल्या भागात कुठला देव बोलतो त्याचा नकाशाच. मी तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा शरीरशास्त्राच्या तासाची आठवण झाली. पित्ताशयाचा उंचवटासुद्धा जागच्या जागी आहे.

येकुर हा त्या विधीतला शब्द. फिकातुम ताटातला. बळी थांबले, शकुन थांबले, जेवण थांबलं नाही. म्हणून ताटातला शब्द उरला असेल का?

वेत्रवती :

डॉक्टर, तुमचा विचार मनाला भिडतो. पण एक अडचण आहे : इग्निस आणि एक्वुस यांना असा विधीचा भार नव्हता, तरी तेही गेले. मी रूपावलीच्या वाकडेपणाला जास्त वजन देईन. लॅटिनमधलं 'ओस', तोंड, लहान आणि सहज इतर शब्दांत मिसळणारं, तेही गेलं आणि 'बुक्का', गाल, त्याच्या जागी आला : स्पॅनिश बोका, फ्रेंच बूश. डोक्याचं तर मडकं झालं! लॅटिन 'तेस्ता' म्हणजे मातीचं भांडं, खापर. त्याचं इटालियन तेस्ता आणि फ्रेंच तेत, डोकं. रोमानियनमध्ये त्याची कवटी झाली, पोर्तुगीजमध्ये कपाळ.

तोरिनोकर :

तेस्ताची जागा मी पाहिली आहे! रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर उंच, आणि ती अख्खी फुटक्या रांजणांच्या खापऱ्यांची. तेलाचे रांजण रिकामे झाले की तिथे फोडून रचत. पुढे त्याच भागात शहराचा कत्तलखाना आला, आणि कामगारांना मजुरीबरोबर जनावराचा उरलेला भाग मिळे : आतडी, जठर, फेगातो. रोमचे लोक त्याला 'पाचवा पाव', म्हणजे पाचवा चतुर्थांश, म्हणतात. चार पाव श्रीमंतांचे, पाचवा यांचा. त्या भागातल्या खाणावळी अजून त्याच पदार्थांसाठी ओळखल्या जातात.

मधुमालती :

रविवार_बाजार यांनी हे वाचावंच. वजडीला रोममध्ये इतका मान आहे.

तोरिनोकर, एक काम कराल का? तुमच्या इथल्या खाटकाला विचाराल का, की फेगातोत अंजीर आहे हे त्याला माहीत आहे का?

तोरिनोकर :

आज शनिवार, बाजार केला आणि विचारलं. मांसवाले काका सत्तरीचे आहेत. त्यांना माहीत नव्हतं. 'फीको? फेगातोत?' असं म्हणून दोन-तीनदा दोन्ही शब्द मागेपुढे म्हणून पाहिले, मग हातातली सुरी खाली ठेवली आणि आत काम करणाऱ्या मुलाला हाक मारली. तो रोमानियाचा आहे, तोरिनोत रोमानियन लोक पुष्कळ आहेत. त्याला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला फिकात, शेवटी जोर देऊन, जसं मधुमालतीताईंनी लिहिलं होतं. मग अंजिराला काय म्हणता विचारलं. 'स्मोकीना.' स्लाव भाषांतून आलेला शब्द. म्हणजे जुना उच्चार त्याच्याकडे आहे, पण अंजीर त्याच्या भाषेत कुठेच नाही. काकांच्या भाषेत अंजीर आहे, पण जोर सरकलेला.

दोघं बराच वेळ एकमेकांना ते शब्द म्हणून दाखवत होते. मागे रांग लागली होती. मी पाव किलो घेतलं, उद्या कांद्यावर करणार आहे.